मागच्या खोलीत बसवलेला माणूस

वार्षिक तपासणीत माझ्या उपविभागातल्या, गोदाकाठच्या एका ठाण्यावर फार कडक शेरे आले. तक्रारदाराला टेकायला जागा नाही, कोठडीत उजेड नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अटक न दाखवताच माणसं बसवून ठेवली जातात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उपअधीक्षक म्हणून मी नवीनच होते. पुढच्या तपासणीपर्यंत हे ठाणं सुधारायचं आणि जबाबदारी तुमची, असं अधीक्षकांनी मला बजावलं.

अडचण अशी होती, की त्या ठाण्याचे निरीक्षक माझे गुरू होते. प्रशिक्षणाच्या काळात मी दुसऱ्या एका ठाण्यात त्यांच्या हाताखाली होते. पंचनामा कसा लिहायचा, जमावासमोर आवाज कुठवर चढवायचा, सगळं त्यांनीच शिकवलेलं. आता ते मला सॅल्यूट करत आणि मॅडम म्हणत. मी त्यांना सरच म्हणत राहिले.

सुरुवातीला बरं चाललं. कोठडीला चुना लागला, दिवा आला, व्हरांड्यात बाकं आली. सरांनी कशालाच विरोध केला नाही. पण मी पाऊल टाकलं की ठाण्यातलं बोलणं थांबायचं.

त्या हिवाळ्यात नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. द्राक्षबागांना पाणी द्यायचे दिवस, त्यामुळे शेतकरी खवळले होते. एका दुपारी मी न कळवता ठाण्यावर गेले, तर बाहेर पन्नासेक माणसं जमलेली. फाटकाशी एक बाई फडक्यात भाकरी बांधून बसली होती. पेठ तालुक्याकडची, बागेत मजुरीला आलेली. मी विचारलं, तेव्हा ती खालीच बघत म्हणाली, "नवरा आत हाय माझा, परवापासून. भाकर बी घेत नाय कोनी."

आत ठाणे अंमलदार म्हणाला, कोणालाही आणलेलं नाही. कोठडी रिकामी होती. मी सरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "कोठडी बघितलीत ना, मॅडम?"

त्यांनी 'नाही' म्हटलं नव्हतं. सर माझ्याशी सरळ खोटं बोलणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखत होते. मी मागच्या अंगणात गेले. शिपायांची मेस तिथे पूर्वी होती, ती खोली बंद पडलेली. पण दाराला कुलूप नवं होतं. मी किल्ली मागितली. हवालदार सरांकडे बघत राहिला. कुलूप तोडा म्हटलं आणि कोणी जागचं हललंच नाही, तर? शेवटी सरांनीच स्वतःच्या खिशातून किल्ली काढली.

आत भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. मला बघून तो उठायला गेला, पण पाय टेकवेनात. तळवे सुजले होते.

सरांनी मला बाजूला घेतलं. आज ना उद्या हा बोलेल, म्हणाले. आत्ता सोडलात तर बाहेरचे लोक ठाणं पेटवतील. त्याच्याविरुद्ध काय आहे, असं मी विचारलं. संध्याकाळी नदीकाठी दिसला होता, एवढंच होतं.

"पुरावा असेल तर आत्ता अटक दाखवा, सर. नसेल तर मी त्याला घेऊन जाते."

ते म्हणाले, "न्या."

नवरा-बायकोला जीपमध्ये बसवलं आणि फाटक उघडलं, तशी माणसं पुढे सरकली. एकाने बॉनेटवर हात ठेवला आणि चोराला आता घरपोच सोडता का, असं विचारलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी उतरून बोलू लागले, पण माझं कोणी ऐकेना. मागून कोणीतरी जीपवर ढेकूळ भिरकावलं. तेवढ्यात सर बाहेर आले. डोक्यावर टोपी नव्हती. कोणाशी काही न बोलता ते जीपच्या पुढे चालू लागले, आणि माणसं बाजूला झाली. रस्ता लागेपर्यंत ते तसेच चालत होते.

नाशिकला डॉक्टरांकडून त्याची तपासणी करून घेतली, मलमपट्टी झाली. तक्रार द्यायला तो तयार होईना. त्याला गावी जायचं होतं. शेवटी पंचवटीत, पेठ नाक्यावर त्यांना एसटीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या कार्यालयात आले. खुर्ची दिली, तरी उभेच राहिले.

"अहवालात पोरांची नावं घालू नका. हुकूम माझा होता."

"ज्यांनी मारलं त्यांचीही येतील, सर."

त्यांनी सॅल्यूट केला आणि निघून गेले.

त्यांना आणि दोन शिपायांना निलंबित केलं. पुढे सर नियंत्रण कक्षात रुजू झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. मोटारी काही सापडल्या नाहीत. मागच्या खोलीतल्या माणसानेच त्या नेल्या होत्या की नाही, हे मला आजही माहीत नाही. ती खोली आम्ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना बसायला दिली. पुढच्या तपासणीत माणसं बसवून ठेवल्याचा शेरा ठाण्यावर आला नाही. शेतकऱ्यांनी मात्र माझ्याविरुद्ध मुंबईपर्यंत निवेदनं दिली, आणि वर्षाच्या आत माझी बदली झाली.

सरांच्या निरोप समारंभाचं आमंत्रण मला आलं नाही. मी त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने उचलला. साहेब बाहेर गेलेत, म्हणाल्या. कोण बोलतंय, ते त्यांनी विचारलं नाही.