माझं पक्षांतर

कोल्हापुरात मान वर केली की आभाळाच्या आधी फ्लेक्स दिसतो. त्यामुळं सकाळी फिरून येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा फ्लेक्स दिसला, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या भागातल्या नेत्यांचा वाढदिवस होता. ते मधोमध उभे, मोबाइल कानाला लावलेला, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या रांगा. शेवटच्या रांगेत तालमीच्या अध्यक्षाशेजारी मी होतो.

गळ्यात हार आणि डोळ्यांवर काळा गॉगल. हार खरा होता, मी कॉलेजातून निवृत्त झालो त्या समारंभातला. गॉगल मात्र मी जन्मात घातलेला नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चप्पल घालून तडक बघायला गेली आणि आल्यावर म्हणाली, "बरं दिसताय की. रंग पण उजळलाय."

तासाभरानं दार वाजलं. दारात आमच्या पलीकडच्या घरातले अण्णा. गुळाच्या व्यापारातलं जुनं जैन घर. आता पेढी मुलांकडं सोपवून अण्णा घरीच असतात आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलत असतात. डोक्यावर टोपी, चेहरा पडलेला.

"कसं झालं ओ असं अचानक?" त्यांनी बायकोला विचारलं.

"काय कसं झालं?"

"लई चांगला माणूस हुता. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय."

मी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून बाहेर आलो. अण्णा मटकन खाली बसले. आमच्या चौकात फ्लेक्स जास्त करून दोनच प्रकारचे लागतात, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. मजकूर दिसत नसला तर हारावरूनच ठरवायचं, आणि अण्णांनी ते ठरवलं होतं. पाणी प्यायल्यावर ते सावरले. मी जिवंत आहे याचा त्यांना आनंद झाला असणार, पण जाताना जरा नाराजच दिसले. "मग हार कशाला घालायचा माणसानं?" म्हणाले.

फ्लेक्स तालमीनं लावला होता, म्हणून संध्याकाळी मी तिथं गेलो. अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. भूगोलात दोनदा गेला होता, पण माणूस प्रेमळ.

"अरे, मला न विचारता माझा फोटो?"

"सर, रांगंत एक चौकोन मोकळा ऱ्हायलता. बरं दिसंना. म्हटलं, आपलंच सर हायती."

"आणि गॉगल?"

"फोटोत तुमचं डोळं मिटल्यालं हुतं की. मग काय करायचं?"

निवृत्तीच्या समारंभात भाषणं चालू असताना मला डुलकी लागली होती, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी अण्णा परत आले. या वेळी काम घेऊन. त्यांच्या दारातली गटार तुंबली होती. "तुम्ही आता त्यांच्यातलंच. एक फोन टाका."

मी परोपरीनं सांगितलं की मी कुणातलाच नाही. शेवटी त्यांच्या समाधानासाठी महापालिकेत फोन लावला. त्याच गटारीसाठी मी पूर्वी जागरूक नागरिक म्हणून अर्ज केले होते, आणि जागरूक नागरिक कसा दिसतो हे बघायलाही तिकडून कुणी आलं नव्हतं. आता पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?" मी अडखळलो. मागून बायको ओरडली, "सांगा की, फ्लेक्सवालं सर!"

दुपारी गाडी आली, माणसं आली, गटार मोकळी झाली. एक जण मला नमस्कारही करून गेला. मला संताप यायला हवा होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मग एके दिवशी नेत्यांनी पक्ष बदलला. का बदलला ते त्यांनी टीव्हीवर सांगितलं, विकासासाठी. आदल्या खेपेलाही त्यासाठीच बदलला होता. चौकात नवा फ्लेक्स लागला. मागचा रंग बदलला, वरची मोठी माणसं बदलली, खालच्या रांगा जशाच्या तशा. मीही हारासकट नव्या पक्षात गेलो होतो. मुरगूडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू पण गेलास? आमच्या हितं चर्चा हाय."

"मी कुठं जातोय? गॅलरीत बसून शेंगा खातोय."

"काय मिळालं रं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

निवडणूक जवळ आली तसे नेते स्वतः गल्लीत आले. अध्यक्षानं त्यांना माझ्याकडं आणून ओळख करून दिली, "आपलं जुनं कार्यकर्तं." नेत्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आधी कुणाकडं होता?"

"तुमच्याकडंच," मी म्हणालो. "तुम्ही गेलात तसा मीही आपोआप आलो."

ते इतक्या मोकळेपणानं हसले की माझी पंचाईतच झाली. दिवाणखान्यात बसून टीव्हीसमोर मी त्यांना एवढ्या शिव्या घातल्या होत्या. त्यातली एकही तोंडाला येईना. शेवटी बायकोच पुढं झाली. "हसताय काय? गल्लीतनं चालून दाखवा एकदा. कंबर मोडती माणसाची."

डांबर पडलं. पण आमच्या फाटकापर्यंत. तिथं रस्ता सुरीनं कापल्यासारखा थांबला आणि पुढं अण्णांच्या दारात तेच खड्डे. अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. समोरून आले तर टोपी सारखी करत दुसरीकडं बघायचे. हे मला फार लागलं. मी तालमीत जाऊन भांडलो.

अध्यक्ष शांतपणे म्हणाला, "सर, पण अण्णांचा फोटो कुठं हाय आपल्याकडं?"

मी घरी आलो. थोडा वेळ लोकशाहीचा विचार केला. मग मोबाइल घेऊन अण्णांकडं गेलो आणि म्हटलं, "कोट घाला. हार नको."

पुढच्या सणाच्या फ्लेक्सवर अण्णा आले, आणि रस्ता त्यांच्या दारापर्यंत गेला. आता ते मला हाक मारून बोलावतात, काकवी देतात.

त्यांच्या पलीकडं एक नर्सबाई राहतात. परवा त्या संकोचत आल्या आणि मोबाइल पुढं केला. "सर, ह्यो फोटो चालंल का?"

मी मोबाइल लांब धरून नीट बघितला. "एवढं हसू नका," म्हटलं. "जरा जनसेवेची कळकळ दिसली पाहिजे."