वजा छत्तीसच्या पुढं

परवा अकरावीतल्या नातीनं दारामागच्या फळ्यावर गणित मांडलं, आणि खडूच्या वासानं मी रिसोडच्या दहावीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. तेव्हा मी कडक इस्त्रीच्या साडीतली दीडशहाणी गणिताची बाई होते. फळ्यावर x² + 4x + 13 = 0 होतं. वर्गमुळात वजा छत्तीस आलं की ‘वास्तव मुळे नाहीत’ लिहून थांबायचं, असं मी बजावलेलं. मागच्या बाकावरची एक अबोल पोरगी मात्र थांबली नाही. तिनं पुढं −2 ± 3i लिहिलं. “हे कुठून आणलं?” “बाई, दादाच्या अकरावीच्या पुस्तकात हाये.” कॉलेजात काल्पनिक संख्यांचा तो धडा मी ऑप्शनला टाकला होता. “मंग शिकवाले दादालेच आण,” मी म्हटलं. वर्ग खदखदून हसला, तिनं तळहातानं उत्तर पुसलं. संध्याकाळी पुस्तक काढून पाहिलं, तर तिचंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते कबूल करायला माझी जीभ रेटली नाही, आणि वर्षभर तिनं पुन्हा हात वर केला नाही. परवा नातीचंही उत्तर तसंच i घेऊन आलं. “आजी, बरोबर हाये का?” मी “बरोबर” म्हटलं ते इतक्या मोठ्यानं, की खडू तिच्या हातून पडला. “हळू बोल ना आजी,” ती म्हणाली, “मी इथंच तं उभी हाये.”