पहिल्या नंबराचा बिल्डर

सोलापुरातल्या दोन बिल्डरांपैकी कोणाचे कॉम्प्युटर जास्त सुरक्षित आहेत, हे एका विमा कंपनीला ठरवायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं, सोबत छापील फॉर्म. फॉर्म हातात असला की डोकं घरी ठेवून गेलं तरी चालतं.

पहिल्याचं ऑफिस होटगी रोडवर, सगळं काचेचं. दाराला बोटाचा ठसा घेणारं कुलूप. चहावाल्याचा ठसा मशीनला पटत नव्हता, म्हणून दिवसभर फरशीचा तुकडा लावून दार उघडं ठेवत. ग्राहकांची आधारकार्डं, फोन नंबर, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. त्याचा पासवर्ड दसऱ्याच्या पूजेत अष्टगंधानं स्क्रीनच्या कडेला लिहिलेला, वर श्री काढून. फॉर्म विचारत होता, कुलूप आहे का? आहे. पासवर्ड आहे का? आहे, तोही पूजेतला! दिले पैकीच्या पैकी.

दुसऱ्याचं ऑफिस साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथल्या म्हाताऱ्या सुपरवायझरकडे ना तसलं कुलूप, ना छापील नियम. सिमेंटवाल्याचं बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर यांनी त्याला समोर बोलावून घेतलं. मेल खोटा निघाला. "माणूस बघितल्याबिगर आमी कायबी मानत न्हाय," ते म्हणाले. याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मी भोपळा दिला.

माझा स्वतःचा फ्लॅट पहिल्याकडे बुक होता. बाबांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याचा. आपलाच बिल्डर पहिला आला म्हणून मी खूश झाले आणि घरी फुशारकीनं सांगूनही टाकलं.

महिन्याभरात बाबांना फोन आला. बोलणाऱ्याला आमच्या फ्लॅटचा नंबर, माझं नाव, आधारचे आकडे सगळं पाठ. बिल्डरच्या ऑफिसातून बोलतोय, ताबा लवकर देतो म्हणाला. बाबांनी ओटीपी सांगितला आणि पेन्शनचं खातं रिकामं झालं.

मी बिल्डरकडे भांडायला गेले. दाराला फरशी होतीच. रिसेप्शनवरच्या मुलीनं भिंतीवरची फ्रेम दाखवली. "आमचं सगळं सेफ आहे की मॅडम, हे बघा." आत माझाच फॉर्म होता, खाली माझी सही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो राग घरी येऊन बाबांवर काढला. "अनोळखी माणसाला ओटीपी सांगतात का कुणी?"

बाबा गुडघ्याला तेल चोळत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच म्हणलीस की, त्यांचा पयला नंबर हाय म्हणून."