मज्जासंस्थेला माझा विरोध

२०२३ साल. माझं वय तेव्हा बहात्तर. शाळेच्या दाखल्यावर सत्तर भरत होतं, पण तो दाखला गुरुजींनी अंदाजानं केलेला. माझी माय अंदाज करत नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलो. त्यानंतर मला कुणी काही शिकवलं नाही, आणि मीही शिकवू दिलं नाही.

मुलगा-सून पुण्याला कंपनीत. नात आमच्याजवळ इंझोरीतच वाढली, त्यामुळे तिचं जे काय ठरायचं ते माझ्या तोंडून ठरायचं. ती मंगरूळपीरला राहून बी.एस्सी. करत होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, "आबा, माही निवड झाली! दोन महिने बेंगलोरले. मज्जासंस्थेचं काम शिकवतात. राहणं, खाणं, गाडीभाडं, सारं तेच देतात."

मी शब्द नीट ऐकला. संस्था मला ठाऊक आहेत. शिक्षणसंस्था, पतसंस्था, दूधसंस्था. एक अध्यक्ष, एक सचिव, आणि बाकीचे खाणारे. पण मज्जा करायची संस्था, तीही फुकट, तीही परमुलखात, आणि तिथं पोरींना बोलावतात?

"नाही जायचं," मी म्हणालो.

"काहून?"

आमच्या घरात 'नाही'ला कारण जोडायची पद्धत नाही. शिवाय असलं कारण नातीसमोर बोलावं तरी कसं? तिला वाटलं, न विचारता अर्ज केला म्हणून म्हातारा रुसला. तीही माझ्याच रक्ताची. बोलणं बंद. जेवायला वाढायची, पण ताट जरा आपटून ठेवायची.

म्हातारी म्हणायची, "दोन दगडं हायेत या घरात. माणूस मी एकटीच."

शेवटी तिच्या कॉलेजातल्या मॅडमच एस.टी.नं आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरच्यांचा होकार गेला नाही तर ती जागा दुसऱ्याला मिळणार होती. मी खाटेवर बसून होतो. चहा आला.

"काका, तुमची हरकत कशाला आहे?"

"मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा. मज्जाच कराची असन तं आमच्या गावात काय कमी हाय? त्याच्यासाठी बेंगलोरची संस्था कायले पायजे?"

मॅडमचा कप बशीत खणकला. नातीनं माझ्याकडं पाहिलं, मग दारातून आत आजीकडं, आणि भिंतीला टेकून हसत हसत खालीच बसली.

"अवो आबा! मज्जासंस्था म्हंजे मेंदू, नसा, ते सारं. अंगात असते ते. तुमच्या बी अंगात हाय."

आतून म्हातारीचा आवाज आला, "यायच्या अंगात मज्जा? पन्नास वर्षं झाले लग्नाले, मले तं नाही दिसली."

मी हसलो नाही. ज्यानं शब्द केला त्याची चूक, माझी नाही. तेव्हाही हेच म्हणालो, आजही म्हणतो.

"बरं, मेंदू तं मेंदू. पण फुकट काहून? आमी काय भिकारी हाओ? माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, ते कोणाच्या दयेवर जगायसाठी नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला. "दया नाही, काका. ज्यांच्या घरातलं कुणीच आजवर अशा प्रयोगशाळेत पोचलं नाही, त्या घरांतली हुशार मुलं ते शोधतात. मुलाखत घेऊन निवडलंय हिला. माझ्या वेळी असं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. म्हणून मी सांगत फिरते."

मी नातीला म्हणालो, "दाखव मंग. माह्या अंगात कुठं हाय ते."

तिनं मला पायावर पाय टाकायला लावला. "ढिला सोडा." आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेनं ठोका मारला. पाय उडाला.

"मी नाही उचलला."

"मले मालूम हाय."

"पुन्ना मार."

या खेपेला मी दात घट्ट आवळून बसलो. पाय आणखीच जोरात उडाला. मॅडमचा कप थोडक्यात वाचला.

"दात आवळले ना?" नात म्हणाली. "त्यानं जास्तच उडते."

"पण मी नाही म्हणून राह्यलो होतो!"

"डोक्याले इचारतच नाही, आबा. पाठीच्या कण्यातून परस्पर निकाल लागते. डोक्याले मांगून खबर जाते."

या घरात मला विचारल्याबिगर काही हलत नाही, अशी माझी समजूत होती.

"आवळल्यावर जास्त काहून उडते?"

"ते पुरं कोणालेच सांगता येत नाही अजून."

"मॅडमले बी नाही?"

"मलाही नाही," मॅडम म्हणाल्या.

मी नातीकडं बघत राहिलो. ठाऊक नाही हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता की जसं काही बक्षीसच मिळालं. शाळेत मला काही आलं नाही की छडी बसायची.

मॅडम निघाल्या तेव्हा मी "इचार करून सांगतो" एवढंच म्हणालो. विचार झाला होता. पण पाहुण्यासमोर लगेच शब्द फिरवायचा नसतो. नात मॅडमना एस.टी.वर सोडून आली आणि थेट चुलीपाशी गेली. त्या दिवशी ताट मात्र हळू ठेवलं. ते मला आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता धुतलेला पांढरा सदरा घातला, पहिल्या एस.टी.नं मंगरूळपीरला गेलो, आणि मॅडम कॉलेजात यायच्या आधीच त्यांच्या खोलीच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो.