पणजीच्या बोटीवर दोघी

माझ्या मैत्रिणीने पंचेचाळिसाव्या वर्षी गाडीचं लायसन काढलं आणि पहिल्याच लांबच्या प्रवासाला मला शेजारी बसवलं. ती आटपाडीत शिवणकाम करते, मी तिथल्याच शाळेत शिकवते. आमचं बालपण एकाच गल्लीत गेलं. समुद्र मात्र दोघींनीही बघितला नव्हता. तो बघायचा म्हणून आम्ही निघालो.

आंबोलीचा घाट तिने पहिल्या-दुसऱ्या गियरवर उतरवला. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. ती आरशात बघायलाच तयार नव्हती. खाली सपाटीला आल्यावर तिने गाडी कडेला घेतली. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पणजीत फक्त जेवायला थांबणार होतो. पण नदीत त्या मोठाल्या पांढऱ्या बोटी दिसल्या. खाणावळवाला म्हणाला, कॅसिनो आहेत, दिवसाही चालू असतात. मला तर आत जायचंच होतं. मैत्रिणीने जरा विचार केला.

"जुगार आमच्यात चालत न्हाई," ती म्हणाली. "मी काय खेळायची न्हाई. पण बोट बघायला काय झालं?"

धक्क्यावरच्या तपासणीत तिची छोटी कात्री काढून घेतली. छोट्या होडीने आम्हाला मोठ्या बोटीवर सोडलं. आत गालिचा इतका मऊ, की नांगरलेल्या रानात पाऊल रुतावं तसं वाटलं. खिडकी नाही, घड्याळ नाही, नुसता झगमगाट. तिकिटावर मिळालेल्या, पैशाऐवजी लावायच्या चकत्या घेऊन मी आकड्यांच्या चाकापाशी गेले. पहिल्याच फेरीला माझा आकडा लागला. चकत्यांचा ढीग माझ्यासमोर आला तेव्हा मी मैत्रिणीचा दंड गच्च धरला. पुढच्या चार-पाच फेऱ्यांत सगळा ढीग गेला, तरी हुरूप काही उतरला नाही.

मैत्रीण मात्र चाकाकडे बघतच नव्हती. चाक फिरवणाऱ्या पोरीकडे बघत होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पोरीच्या काखेत शिवण उसवलीया बघ. कुनी सांगितलं न्हाई वाटतं तिला."

पोरीने मान वर केली नाही. चकत्या गोळा करता करता हळूच म्हणाली, "म्हाईत हाय मावशी. सुई न्हाई जवळ."

बोली ओळखून मैत्रिणीने तिचं गाव विचारलं. पोरगी आमच्याच जिल्ह्यातल्या कुंडलची निघाली. थोड्या वेळाने तिची सुट्टी झाली तशी मैत्रिणीने तिला बायकांच्या स्वच्छतागृहात नेलं. मैत्रिणीच्या ओढणीत सुई-दोरा कायम अडकवलेला असतो. तिथल्या आरशासमोर तिने पोरीचं जाकीट शिवलं, कात्री नव्हती म्हणून दोरा दातांनी तोडला. तेवढ्यात पोरीने सगळं सांगितलं. आईला तिने हॉटेलात नोकरी आहे म्हणून सांगितलंय. जुगाराचं कळलं तर आई परत बोलावेल, ही भीती.

परतताना कुंडलवरून जाऊन आईला भेटू का, असं मैत्रिणीने विचारलं.  पोरीने घराची खूण सांगितली आणि म्हणाली, "बरी हाय म्हनावं. बाकी काय बोलू नका."

दोन दिवस समुद्र डोळे भरून बघितला आणि परत फिरलो. कुंडलात घर लगेच सापडलं. आईने द्राक्षं धुऊन पुढे ठेवली, लेकीची तब्येत विचारली, जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "हाटेल कसं हाय?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचं तिच्या जिवावर येतं. "पाण्यावर हाय," मी कसंबसं म्हणाले.

आई शांतपणे द्राक्षाचे देठ वेगळे करत राहिली. "जुगाराची बोट हाय न्हवं? मला कवाचं म्हाईत हाय. पुतण्यानं फोनवर तिचा तिथला फोटो दावला. तिला नका सांगू मला कळलंय म्हनून. सांगायचं तवा सांगंल तीच."

 मैत्रिणीने तिचा हात हातात घेतला. मग आईच पुढे सरकून बसली.

"आत कसं असतं ओ?" तिने विचारलं, आणि आम्ही दोघी एकदमच सांगायला लागलो.