कोथिंबिरीची काडी

आमच्या लालबागच्या चाळीतले एक गृहस्थ गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटाची सवय, म्हणून घरातही ओरडूनच बोलत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा द्यायचा मान त्यामुळे त्यांचाच.

मग त्यांनी गिनीपिगांची जोडी आणली. कोथिंबिरीची काडी धरून ते खोक्यापाशी बसून राहत, पण ती दोघं कोपरा सोडेनात. “माझो आवाज वायट,” म्हणाले, आणि घरात कुजबुजायला लागले.

रविवारी मोर्चा चाळीखालून गेला. पुढे हेच. आमच्या खिडक्यांखाली येताच त्यांनी मूठ उगारली, पण तोंड उघडलं नाही. मागची सगळी माणसं घोषणेची वाट बघत मुकाट चालली. आवाज फुटला तो नाक्यापलीकडे.

संध्याकाळी मी कारण विचारलं.

“कालच पयल्यांदा हातातला खाल्ल्यानी,” ते कुजबुजले.