फॉस्फरसची बाटली आणि दामूची ट्रंक

बोर्डिंगमधल्या सगळ्या ट्रंका उघडून झाल्या होत्या. एकच राहिली होती आणि तिच्यावर दामू बसला होता.

"ऊठ," हेडमास्तर म्हणाले.

"नाय उठणार, सर."

दामू हर्ण्याच्या खलाशाचा मुलगा, मॅट्रिकच्या वर्गातला. त्यानं आजवर मान वर करून उत्तर दिल्याचं मला आठवत नव्हतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मी तेव्हा रत्नागिरीच्या एका सरकारी हायस्कुलात सायन्स शिकवत होतो आणि बोर्डिंगचा सुपरिंटेंडेंटही होतो. त्या सकाळी लॅबोरेटरीतली पिवळ्या फॉस्फरसची बाटली जागेवर नव्हती. हा पदार्थ दिसतो मेणासारखा. तो पाण्यात बुडवून ठेवायचा. हवेत उघडा राहिला की आपसूक पेटतो. बोर्डिंगची पडवी नारळाच्या झापांनी शाकारलेली. त्यात दिवस सत्याग्रहाचे. सरकारी शाळेतून असली वस्तू नाहीशी झाल्याचं बाहेर कळलं, तर पोलीस दारात उभे राहिले असते.

म्हणून झडती. हुकूम हेडमास्तरांचा, हात माझे. बाटली कुठंच मिळाली नाही. बाकी पुष्कळ मिळालं. एकाकडे चोरून आणलेला वस्तरा, दुसऱ्याकडे फडक्यात बांधलेले सुके बोंबील, तिसऱ्याकडे विड्या. प्रत्येक वस्तू बाहेर आली की पोरं हसायची आणि ज्याची वस्तू तो भिंतीकडे तोंड करायचा. बाटली शोधायला आलेला मी वस्तऱ्याचं काय करावं, हे मला उमगेना. मास्तर म्हणून जप्त करावा, की पाहिलाच नाही म्हणावं?

"कुलूप तोडा, लिमये," हेडमास्तर म्हणाले. "आणि याचं नाव शाळेतून कमी करा."

नाव कमी झालं असतं तर दामू मॅट्रिकला बसला नसता. बापाच्या होडीवर गेला असता.

"साहेब, मी ट्रंक माझ्या खोलीत नेऊन बघतो. फक्त तो आणि मी."

"याच्यावर एवढी मेहेरबानी का?"

मी ट्रंकेची कडी धरली. ते कपाळाला आठ्या घालून निघून गेले. मी तो होकार समजलो.

खोलीत मी दार लावलं. "दामू, मला बाटली हवी आहे. दुसरं काही नको."

"बाटली नाय त्यात."

"मग दाखव."

"आईची शपथ घेवन सांगतंय. तरी बघणार?"

"बघावं लागेल. आग लागली तर तुझी शपथ कामाला यायची नाही."

त्यानं किल्ली काढून दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी पाहिलं. बाटली नव्हती. जे होतं त्यात गुन्हा काही नव्हता, फक्त लाज होती. मी झाकण लावलं.

"काय होतं?" संध्याकाळी हेडमास्तरांनी विचारलं.

"बाटली नव्हती, साहेब."

"काय होतं, असं विचारतोय मी."

"आपण बाटली शोधत होतो."

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण खरा घोटाळा वेगळाच झाला. मी केलं ते दामूची अब्रू राखायला, आणि पोरांनी काढला उलटा अर्थ: दार लावून बघितलं, म्हणजे चोर हाच. जेवायच्या पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसेना. ट्रंक चारचौघांत उघडली असती तर बरं झालं असतं का, हे मला ठरवता येईना.

आदल्या आठवड्यात मी आजारी होतो, तेव्हा माझे वर्ग घ्यायला बाहेरून आलेले मास्तर शनिवारी सहज भेटायला आले. मी बाटलीचा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, बूच सैल झालं होतं. पाणी आटेल म्हणून मी बाटली पाण्याच्या घड्यात बुडवून मागच्या कोनाड्यात ठेवली. सांगायचं राहिलंच."

घडा तिथेच होता.

हेडमास्तर म्हणाले, "झालं ते झालं. आता वाच्यता नको." मी सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सांगितलं, की बाटली लॅबोरेटरीतच होती आणि चोरी झालीच नव्हती. त्यांनी मला मेमो दिला. दामू पंगतीत परत बसू लागला, मॅट्रिक झाला आणि मुंबईला गोदीत लागला. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत तुटकच वागला. मी पाहिलं होतं ना.

पुढे नोकरीत अशा झडत्या आणखी आल्या. मी एक नियम पाळला: काय शोधतोय ते आधी सांगायचं, आणि बाकी दिसलं ते दिसलं नाही म्हणायचं. नियम पुरेसा आहे का, हे मला आजही सांगता येत नाही. दामूच्या ट्रंकेत काय होतं, हे घरी बायको अजून विचारते. तिलाही सांगितलेलं नाही.